शाई, सूत आणि चिमूटभर रवा

चामड्याच्या गोल पडद्यातून स्वर निघायला नको. हे मत नाही, गणित आहे. सगळीकडे सारख्या जाडीचा, सारखा ताणलेला गोल पडदा वाजवला, तर त्याच्या कंपनांची गुणोत्तरं १, १.५९, २.१४, २.३०, २.६५, २.९२ अशी येतात. एकही पूर्ण पट नाही. तारेचं तसं नसतं, ती १, २, ३, ४ अशा सरळ पटींत कंप पावते आणि म्हणून आपल्याला त्यात ‘सा’ ऐकू येतो. हलगी किंवा ताशा ऐकून ‘कोणत्या पट्टीत आहे’ असं कोणी विचारत नाही, त्याचं कारण हेच.

आणि तबला मात्र काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वरात, लावता येतो. म्हणजे कुठेतरी गणिताला बगल दिलेली आहे. कुठे, ते घरच्या घरी, एक जुना तबला, एक तंबोरा आणि खिशातला फोन एवढ्यावर तपासता येतं. विज्ञान शिकायला वाद्य हे साधन आहे असं सगळे म्हणतात आणि मग गिटारच्या तारेवर थांबतात. आपल्याकडची वाद्यं त्या मानाने फार अधिक चमत्कारिक आहेत. त्यातली दोन इथे उलगडून पाहू.

पहिल्यांदा ही गोष्ट मोजून सांगितली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. १९२० साली ‘नेचर’मध्ये शिवकाली कुमार यांच्यासोबत एक छोटंसं टिपण आणि मग १९३४ मध्ये सविस्तर निबंध. शोध असा: शाई, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचा काळा गोल, लावलेल्या पडद्याची पहिली नऊ कंपनं विस्कळीत राहत नाहीत, ती पाच गटांत गोळा होतात आणि हे पाच गट जवळजवळ १, २, ३, ४, ५ या पटींत बसतात. पहिल्या दोन गटांत एकेक कंपन, तिसऱ्यात आणि चौथ्यात दोन-दोन, पाचव्यात तीन. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेच्या डिजिटल संग्रहात त्यांचे निबंध मोफत वाचायला मिळतात. १९३४ चा आधी वाचा. आकृत्या नुसत्या पाहिल्या तरी अर्धं काम होतं.

पुढचं पाऊल १९५४ चं. रामकृष्ण आणि मनमोहन सोंधी यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत तबल्याचा पडदा ‘मध्ये जड, बाहेर हलका’ असा दोन भागांचा मानून हिशेब केला. जड भागाची त्रिज्या पूर्ण पडद्याच्या ०.४ पट, आणि तेवढ्याच क्षेत्रफळाच्या नुसत्या चामड्याच्या तुलनेत वजन साधारण दहापट, असं धरलं की गुणोत्तरं हवी तशी जुळतात. फक्त सगळ्यांत खालचा स्वर १ ऐवजी १.०३ येतो, म्हणजे किंचित चढा. ही तीन शतांशांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. (याच सोंधींनी नंतर अमेरिकेत बेल लॅब्समध्ये टेलिफोनमधला प्रतिध्वनी मारण्यावर काम केलं. तबल्यावरून टेलिफोनवर!)

आता हे हातांनी करून पाहायचं. तबल्याची शाई काढून पाहता येत नाही, म्हणून उलटं करा: बिनशाईच्या वाद्याला शाई लावा. पखवाजवाले हे कायम करतात. वाजवायला बसण्याआधी डाव्या तोंडावर कणीक थापतात आणि झाल्यावर काढून टाकतात. तीच युक्ती.

दहा इंची डफली घ्या, प्लास्टिकच्या पडद्याची. चामड्याची नको, ती ओल पिऊन सैल पडते आणि मग बदल कणकेमुळे झाला की ओलीमुळे, ते कळत नाही. पडदा पाव मिलिमीटर जाडीचा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला त्याचं वजन ०.०३५ ग्रॅमच्या आसपास भरतं. मध्यभागी दहापट वजन हवं, म्हणजे ४ इंच व्यासाच्या चकतीत मिळून सुमारे २५ ग्रॅम कणीक. जाडी अडीच मिलिमीटर, पातळ पोळीपेक्षा जाड आणि भाकरीपेक्षा पातळ. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून घ्या, अंदाजपंचे थापू नका. कणीक पुरीसाठी मळतो तशी घट्ट. चकती डफलीच्या बरोबर मध्यावर हवी, त्यासाठी आधी पेन्सिलने दोन व्यास आखून घ्या. कडा बोटाने दाबून पडद्याला चिकटवा, मध्ये हवेचा फुगा राहिला तर तो भाग वेगळाच फडफडतो.

कणीक लावण्याआधी आणि नंतर डफलीच्या काठाजवळ एकेक टिचकी मारून ध्वनी फोनवर नोंदवा (कसा, ते पुढे येतं). मूळ स्वर साधारण २.४ पटींनी खाली उतरायला हवा आणि त्याच्या वरचा निम्म्यावर. दोघे सारख्या प्रमाणात उतरत नाहीत, यातच सगळी गंमत आहे: मधलं ओझं पहिल्या कंपनाला जास्त जाणवतं, कारण त्यात पडद्याचा मध्य सर्वांत जास्त हलतो. दुसऱ्या कंपनात मध्य जवळजवळ स्थिरच असतो, अर्धा पडदा वर आणि अर्धा खाली. त्यामुळे १.५९ हे गुणोत्तर १.९ च्या पुढे सरकतं. आकडे अगदी जुळणार नाहीत, पडद्याला लागून हलणाऱ्या हवेचंही ओझं असतं आणि ते या हिशेबात धरलेलं नाही.

मात्र आवाज लगेच विझेल. ‘ठप्प’. कणीक मऊ, ती कंपन गिळून टाकते. इथे शाई करणाऱ्या कारागिराचं कौतुक कळतं. लोखंडाची बारीक भुकटी, काजळी आणि भाताची किंवा मैद्याची खळ यांचा लगदा एका दमात थापत नाहीत. पातळ थर लावायचा, वाळत आला की गुळगुळीत दगडाने घोटायचा, पुन्हा थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा लहान. घोटण्यामुळे शाईत बारीक भेगांचं जाळं पडतं. भिंगातून पाहिलं तर शाई म्हणजे एकमेकांना घट्ट लागून बसलेल्या कणांची फरशी दिसते. जड, पण वाकणारी, आणि कणकेसारखी कंपन न गिळणारी. एकसंध थापली असती तर ती ताठ झाली असती, पडद्याला वाकू दिलं नसतं आणि वाजवता वाजवता टवका उडाला असता. ओल्या फडक्याने शाई पुसू नका म्हणतात, त्याचं कारणही हेच. खळ पाण्याने सुटते, एक कण निघाला की शेजारचे सैल होतात.

डग्ग्याची शाई मध्यावर नसते, बाजूला असते. तिथे मनगटाला घसरायला जागा हवी आणि सुरेल पटींची तितकी गरज नाही. त्याचा हिशेब फार किचकट आहे, सोडून देऊ.

तबल्याचा ‘ना’ हा बोल वाजवताना अनामिका शाईच्या कडेवर टेकवलेली असते आणि तर्जनी चाटेवर, म्हणजे काठाच्या चामडी पट्टीवर, पडते. नवीन विद्यार्थ्याला हे बोट म्हणजे हाताला आधार वाटतो. नाही. पडद्यावर बोट टेकलेलं असताना पहिलं कंपन टिकूच शकत नाही, कारण त्यात पडद्याचा कोणताही आतला भाग स्थिर नसतो. दुसऱ्या कंपनाला मात्र एक स्थिर व्यास लागतोच, तो बोटाखालून जातो. म्हणजे अनामिका पहिला स्वर मारते आणि दुसरा ठेवते. आपण ज्याला तबल्याचा ‘सा’ म्हणतो, तो या पडद्याचा दुसरा स्वयंभू, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट पटीतला स्वर, आहे. काळी एकच्या तबल्यात तो सुमारे २७७ हर्ट्झ. फोनवरच्या ध्वनीच्या आलेखात त्यावर ४१६, ५५४, ६९३ अशी शिखरं दिसायला हवीत. आता बोट उचला आणि मध्यावर उघडं ‘थूं’ वाजवा. खालचा स्वर येतो. तो बरोबर १३८.६ असायला हवा होता, पण तो बहुधा थोडा चढा लागतो. ते ०.०३ हेच.

हा आलेख काढायला फोनवर फायफॉक्स हे ॲप घ्या, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने केलेलं, मोफत. त्यात ध्वनीचा वर्णपट, म्हणजे कोणती कंपनसंख्या किती जोरात आहे त्याचा आलेख, दाखवणारा प्रयोग आहे. घोटाळे इथेच होतात, म्हणून सावकाश सांगतो. ॲप ध्वनीचे नमुने घेतं, सहसा सेकंदाला ४८,०००. एका वेळी २,०४८ नमुने घेतले तर आलेखातल्या दोन शेजारच्या बिंदूंत २३ हर्ट्झचं अंतर पडतं, म्हणजे काळी एक आणि पांढरी दोन यांतला फरकही धड कळणार नाही. ३२,७६८ घेतले तर हेच अंतर दीड हर्ट्झवर येतं. मग सरळ मोठा आकडा का घेऊ नये? कारण तेवढे नमुने गोळा व्हायला ०.६८ सेकंद लागतात आणि तबल्याचा ‘ना’ तोवर बराचसा विरून गेलेला असतो. उरलेल्या वेळात फोन पंख्याचा आवाज मोजत बसतो. तबल्यासाठी ८,१९२, तंबोऱ्यासाठी ३२,७६८ हे बरं पडतं. पंखा बंद करा. फोन वाद्यापासून एक वीतभर, आणि चटईवर ठेवू नका, हातात किंवा स्टँडवर. शिवाय फोनचे माइक शंभर हर्ट्झच्या खाली बहिरे होत जातात. डग्गा दिसला नाही म्हणून डग्ग्याला दोष देऊ नये.

एक उपयोग तर रोजच्या रियाजातला आहे. गजऱ्याची, म्हणजे पडद्याच्या काठावरच्या चामडी वेणीची, सोळा घरं सारखी जुळलेली नसतील तर २७७ च्या जागी एकमेकांना चिकटून दोन शिखरं दिसतात, समजा २७५ आणि २८०. स्थिर व्यास कोणत्या दिशेने जातो त्यावर स्वर बदलतो म्हणून. कानाला तो सेकंदाला पाच वेळा डोलणारा ‘ना’ ऐकू येतो. तबला फिरवत प्रत्येक घरावर ‘ना’ वाजवत गेलात तर उतरलेलं घर सापडतं.

आता रवा. रामन यांनी पडद्यावर बारीक वाळू भुरभुरवून स्थिर रेषा पाहिल्या होत्या. जर्मनीच्या एर्न्स्ट क्लाड्नी यांनी १७८७ मध्ये धातूच्या पत्र्यांवर असंच करून काढलेल्या आकृत्या आजही कलादालनांत मांडल्या जातात, आणि खरंच सुंदर दिसतात. तबल्यावर वाळू नको, ओरखडे पडतात. कोरडा बारीक रवा, एक चिमूट. आणि पुडी, म्हणजे तबल्याचं चामड्याचं तोंड, बदलायला टाकणारच असाल असा जुना तबला, कारण रव्याचे कण चाट आणि मैदान (चाट आणि शाई यांमधला भाग) यांच्या फटीत शिरले की किरकिर करतात आणि मऊ ब्रशनेही सगळे निघत नाहीत.

हाताने वाजवून रेषा पुसट येते. त्यापेक्षा ब्लूटूथ स्पीकर पडद्यापासून तीन-चार सेंटिमीटरवर धरा, स्वर निर्माण करणाऱ्या एखाद्या ॲपवरून वर्णपटात दिसलेली बरोबर तीच कंपनसंख्या सोडा आणि एकेक हर्ट्झने वर-खाली करा. रवा नाचायला लागला की समजायचं, सापडली. पडदा किती हलायला हवा? २७७ हर्ट्झला ३ मायक्रॉनपेक्षा जास्त हलला की कण उडतो, म्हणजे केसाच्या जाडीचा विसावा भाग वगैरे. डोळ्याला पडदा अगदी स्थिर वाटतो आणि त्यावर रवा उड्या मारत असतो.

बहुतेकांचं इथे अडतं ते स्पीकर पडद्याच्या मध्यावर धरल्यामुळे. मध्यावरून ढकललं तर सगळ्या बाजू सारख्या ढकलल्या जातात, आणि ज्या कंपनात अर्धा पडदा वर व अर्धा खाली जातो ते सुरूच होत नाही. २७७ ला काहीच दिसत नाही, माणूस ॲपला शिव्या देतो. स्पीकर एका कडेला सरकवा.

रव्याऐवजी टाल्कम पावडर घेतली तर? तबलजीच्या हाताशी ती असतेच. मग आकृती उलटी येते! जड कण स्थिर रेषेवर जमतात, पण अगदी हलकी भुकटी जास्तीत जास्त हलणाऱ्या जागी ढीग करते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये याचं कारण शोधलं: हलणाऱ्या पडद्यालगत हवेचे छोटे प्रवाह फिरतात आणि हलकी धूळ त्यांच्याबरोबर वाहत जाते. रांगोळी या दोघांच्या मध्ये कुठेतरी पडते, भरड असेल तर रव्यासारखी वागते. रवा आणि पावडर मिसळून टाकून पाहा, पांढरं एकीकडे आणि पिवळसर दुसरीकडे वेगळं होताना दिसतं.

तंबोऱ्याकडे येऊ. तारेचा एक जुना नियम आहे, टॉमस यंग यांच्या नावाने ओळखला जातो: ज्या जागी एखाद्या स्वयंभूचा निस्पंद, म्हणजे न हलणारा बिंदू, आहे तिथेच तार छेडली, तर तो स्वयंभू वाजत नाही. तार बरोबर मध्यावर छेडली की दुसरा, चौथा, सहावा गायब. १९२१ मध्ये रामन यांनी दाखवलं की तंबोरा हा नियम मोडतो. कुठेही छेडा, सगळे हजर. कारण घोडी. गिटारची तार एका धारेवर टेकते. तंबोऱ्याची तार रुंद, किंचित गोलसर उतरत्या घोडीवर आडवी झोपलेली असते आणि प्रत्येक कंपनात घोडीला घासून सुटते, घासून सुटते. घोडीवर तारेखाली सरकवलेलं सूत तिला किती आणि कुठे घासायचं ते ठरवतं. तो घासण्याचा झटका सगळ्या स्वयंभूंना नव्याने जागं करतो.

तपासायचं तर असं. खर्जाची तार घ्या. बाकीच्या तिन्ही तारांत हातरुमाल विणून त्या मुक्या करा. हे विसरलात तर प्रयोग वाया: जोडाचा ‘सा’ म्हणजे खर्जाचा दुसरा स्वयंभूच, खर्ज वाजला की जोड आपोआप गुणगुणतात आणि तुम्हाला ‘दिसलेला’ दुसरा स्वयंभू खर्जाचा नसतोच. मग घोडीपासून वरच्या अटीपर्यंत (तार वर जिथे टेकते त्या पट्टीपर्यंत) तारेची लांबी मोजून बरोबर मध्यावर दांडीवर कागदी चिकटपट्टी लावा. सूत काढून ठेवा आणि घोडीच्या पुढच्या कडेवर तारेखाली बांबूची दात कोरायची काडी सरकवा. आता तारेला धार मिळाली. काडीमुळे तार ताणली जाते, स्वर पुन्हा लावून घ्या. मध्यावर बोटाच्या पेराने हलकेच छेडा: पहिला, तिसरा, पाचवा उंच, दुसरा-चौथा जवळजवळ नाहीत. छेडण्याची जागा एखादा सेंटिमीटर चुकली तरी खालचे स्वयंभू फारसे बिघडत नाहीत, पण दहाव्याच्या आसपास घोळ सुरू होतो, म्हणून पहिल्या सहाकडेच पाहा. काडी काढा, सूत लावा, तार पुन्हा स्वरात आणा, त्याच जागी त्याच हाताने छेडा. दुसरा आणि चौथा परत आलेले असतील.

सूत अर्धा मिलिमीटर पुढे-मागे सरकवत वर्णपट पाहत राहणं हा स्वतंत्र नाद आहे. एका जागी तार बद्द, जरा पुढे गेलं की फुलते, आणखी पुढे गेलं की नुसती झणझण. चांगल्या जागेची रुंदी किती थोडी आहे ते पाहिलं की मिरजेचे कारागीर कानशीने घोडी घासताना दर दोन हातांनी थांबून का ऐकतात, ते समजतं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तारेने घोडीत चर पाडला की सूत कितीही हलवा, जवारी, म्हणजे तार घोडीला घासून उठणारी गुंज, बोलत नाही. तेव्हा घरी कानस घेऊन बसू नये, घासलेली घोडी परत भरता येत नाही.

जवारी उघडली की खर्जातून गांधार ऐकू येतो, तो स्वयंभू गांधार. पाचवा स्वयंभू. काळी एकमध्ये खर्ज ६९.३ हर्ट्झ, त्याची पाचपट ३४६.५. पेटीवरचा गांधार, म्हणजे पांढरी चार, ३४९.२. खर्ज छेडून लगेच पेटीवर ती पट्टी अगदी हळू भाता मारत धरा. फरक पावणेतीन हर्ट्झचा, म्हणून दोन्ही गांधार मिळून सेकंदाला जवळपास तीन वेळा डोलतात. घड्याळ लावून मोजता येतं. पेटी जोरात वाजवली तर डोलणं बुडून जातं, दोन्ही स्वर सारख्या जोराचे असतील तरच ते स्पष्ट येतं. पेटी ४४० च्या मापाने लावलेली नसेल तर आकडा वेगळा येईल, तेव्हा आधी तिची काळी एक फोनवर तपासून घ्या.

मग सातव्या स्वयंभूकडे वळा. तो कोमल निषादाच्या खाली पडतो, ४८५ च्या आसपास, आणि पेटीचा कोमल निषाद ४९३.९. फरक जवळजवळ नऊ हर्ट्झ. इथे मोजायला जाल तर जमणार नाही. डोलणं इतकं जलद होतं की कानाला ती नुसती खरखर वाटते.